पाच पंचांच्या चरणी

प्रति,
माननीय कायम सदस्य (संख्या पाच),
सुरक्षा परिषद, संयुक्त राष्ट्रे, न्यूयॉर्क

विषय : शांतिसेनेच्या बाबतीत आपण केलेल्या उपकारांची पोच.

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पाचामुखी परमेश्वर, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते पाच कोण हे मात्र आपली यादी पाहिल्यावर कळलं. अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स आणि ब्रिटन, आपण १९४५ पासून जगाच्या शांततेचं ओझं वाहता आहात. ऐंशी वर्षांत आपल्यापैकी एकानेही ‘पाय आखडले, जरा उठतो’ असं म्हटलं नाही. अशी खुर्चीनिष्ठा आमच्याकडच्या पुढाऱ्यांनाही अजून साधलेली नाही.

सर्वप्रथम आपल्या काटकसरीबद्दल आभार. २०२४-२५ मध्ये शांतिसेनेच्या मोहिमांचा मंजूर खर्च सुमारे ५६० कोटी डॉलर होता. रुपयांत मांडला तर पन्नास हजार कोटींच्या आत. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा. म्हणजे काँगो, दक्षिण सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, लेबनॉन आणि सायप्रस मिळून आपण कुलाबा ते दहिसरच्या कारभाराहून स्वस्तात आटोपता. २०२४ साली जगाने लष्करांवर खर्च केले सुमारे २ लाख ७० हजार कोटी डॉलर. त्या तुलनेत शांतिसेनेच्या वाट्याला हजारामागे दोन डॉलर आले. तेही वेळेवर येत नाहीत, पण घाई कशाला? सैनिक काही कुठे जात नाहीत. पाठवलेल्या जागीच उभे असतात.

थकबाकीबद्दल लिहिताना हात थरथरतो. एवढ्या थोरामोठ्यांकडे पैशाची गोष्ट काढायची म्हणजे आमचेच संस्कार आड येतात. तरीही धाडस करतो. शांतिसेनेच्या वर्गणीत कायम सदस्यांचा वाटा मुद्दाम चढा ठेवला आहे, कारण शांततेची विशेष जबाबदारी आपण घेतलेली आहे. त्यानुसार अमेरिकेचा सध्याचा हिस्सा सव्वीस टक्क्यांच्या थोडा वर आहे. पण नव्वदच्या दशकात अमेरिकी संसदेने घरच्या घरी कायदा केला की आम्ही पंचवीस टक्क्यांहून जास्त देणार नाही. किती सोपं! बिल आपल्या हाती पडल्यावर मनाला पटेल तो आकडा आपणच लिहायचा आणि उरलेलं समोरच्याच्या वहीत साचू द्यायचं. आमच्या आयकर खात्याला ही पद्धत अजून मान्य नाही, याची खंत वाटते. चीनचे आभार वेगळे मानतो. ते पैसे देतात, पण इतक्या सावकाश की तोवर जगाची तिजोरी खडखडाट करू लागते.

आमच्या महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था नावाचा एक क्रूर प्रकार आहे. तिथे मेंटेनन्स थकवणाऱ्या सभासदाला कायद्याने व्यवस्थापक समितीवर बसता येत नाही. चेअरमन असला तरी उठावं लागतं. संयुक्त राष्ट्रांची सनद मात्र सुसंस्कृत. तिच्या कलम १९ नुसार दोन वर्षांच्या वर्गणीइतकी बाकी साचली तर सदस्याचा मताधिकार जातो, पण तो फक्त आमसभेतला. सुरक्षा परिषदेला हे कलम लागूच नाही. म्हणजे वर्गणी बुडवणारा गच्चीवरच्या सभेत हात वर करू शकणार नाही, पण चेअरमनच्या खुर्चीत बसून लिफ्ट बंद करू शकेल. असा उपविधी आमच्या सोसायटीत कुणी मांडला असता तर त्याच रात्री पाणी बंद झालं असतं.

तरी या कलमालाही एकदा धार लावण्याचा प्रयत्न झाला होता, हे आपल्या स्मरणात असेलच. १९६० साली शांतिसेना काँगोत गेली. त्या खर्चाचा हिस्सा द्यायला सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी नकार दिला. १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हा खर्च संघटनेचाच आहे, सगळ्यांनी वाटून घ्यावा. आपण न्यायालयाचा मान राखला, पैसे तेवढे दिले नाहीत. मग १९६४ च्या अधिवेशनात कुणाचा मताधिकार काढायचा हा प्रसंग उभा राहू नये म्हणून आमसभेने मतदान घेणंच टाळलं. थकबाकीदाराला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सगळ्या सभागृहाने हात खाली ठेवावेत, ही मर्यादा आता कुठे पाहायला मिळते? त्याच काँगोत १९६१ साली आमचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया मारले गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्यांचा हिस्सा पूर्ण भरलेला आहे, कृपया नोंद घ्यावी.

आणखी एक आठवण. १९९९ मध्ये अमेरिकेने मोठ्या मनाने सांगितलं : आमची वर्गणीची टक्केवारी कमी करा, मग मागची बाकी टप्प्याटप्प्याने देऊ. जगाने मान डोलावली. कपातीमुळे पहिल्याच वर्षी ३ कोटी ४० लाख डॉलरची फट पडली, ती टेड टर्नर या दूरचित्रवाणीच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाचं बिल एका खासगी गृहस्थाने चुकतं केलं आणि त्या देशाला लाजल्यासारखंही झालं नाही. याला म्हणतात मनाचा मोठेपणा.

आता सैनिकांविषयी. आपण ठराव लिहिता, हे कष्टाचं काम आहे. एकेका क्रियापदावर रात्री जागवता. प्रत्यक्ष जायचं क्षुल्लक काम आपण नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारत अशा मंडळींवर सोपवलं आहे. चीनचे काही सैनिक जातात, फ्रान्सचेही जातात. अमेरिकेचे मोजायला डझन हे माप पुरतं. बदल्यात सैनिक पाठवणाऱ्या देशाला माणशी महिना ठरावीक रक्कम परत मिळते. २००२ पासून २०१४ पर्यंत तिचा मूळ दर १,०२८ डॉलर होता. बारा वर्षं तोच. त्या काळात न्यूयॉर्कमधल्या आपल्या कार्यालयांचं घरभाडंही तेवढंच राहिलं असणार, अशी आमची खात्री आहे.

आणि आपली वर्गणी पोहोचली नाही की हीच परतफेड लांबते. म्हणजे ढाक्याने आणि काठमांडूने आपल्या फौजा उसन्या द्यायच्या, त्यांचे पगारही स्वतःच करायचे आणि वॉशिंग्टनच्या सवडीची वाट पाहायची. गरिबाने श्रीमंताला बिनव्याजी कर्ज द्यावं, हा अर्थशास्त्रातला चमत्कार आपण घडवला. याला अजून नोबेल कसं मिळालं नाही?

१९४८ पासून शांतिसेनेत चार हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतली सुमारे १८० भारताची, कुठल्याही एका देशाहून जास्त. ही आकडेवारी तक्रार म्हणून दिलेली नाही. पोच लिहिताना जमेची बाजूही मांडावी लागते, एवढंच.

रवांडाविषयी दोन शब्द, राग मानू नये. एप्रिल १९९४ मध्ये तिथे सुमारे अडीच हजारांची शांतिसेना होती. कत्तल सुरू झाली, बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले, बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली. मग २१ एप्रिलला आपण परिषदेत गंभीर विचार केला आणि सेना वाढवण्याऐवजी २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. १७ मे रोजी आपलं मन पालटलं, साडेपाच हजार सैनिक मंजूर झाले. त्यांच्यासाठी अमेरिकेकडून पन्नास चिलखती गाड्या हव्या होत्या. मग गाड्यांचं भाडं किती, त्या वाहून नेण्याचा खर्च कुणाचा, यावर आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार चालला. गाड्या अखेर युगांडातल्या एंटेबे विमानतळापर्यंत पोहोचल्या. रवांडात त्यांचा उपयोग होण्याआधी कत्तल संपली होती. हिशेब मात्र चोख झाला, त्याबद्दल लेखापालांचं अभिनंदन. आणि हो, तोच रवांडा आज शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक देणाऱ्यांत आहे.

बोस्नियाचं सांगायचं तर आम्हाला जरा आपुलकी आहे. युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रधारी. १९९३ च्या मार्चमध्ये ते परतले. त्यानंतरच्या महिन्यांत आपण स्रेब्रेनित्सा आणि आणखी काही गावं ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलीत. ती राखायला ३४,००० सैनिक लागतील, असं सरचिटणीसांनी सांगितलं. आपण ७,६०० मंजूर केले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. क्षेत्र सुरक्षित असल्याचा ठराव तेव्हाही रद्द झालेला नव्हता.

आपला नकाराधिकार शांतिसेनेच्या कामी कसा येतो, तेही लोकांना कळलं पाहिजे. मॅसिडोनियात युद्ध पेटण्याआधीच उभी केलेली एक छोटी सेना होती. भडका उडण्यापूर्वी पाणी घेऊन उभं राहण्याचा तो पहिलाच प्रयोग. जानेवारी १९९९ मध्ये मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिली. फेब्रुवारीत चीनने त्या सेनेची मुदतवाढ रोखली. मार्च संपायच्या आत कोसोव्होच्या निर्वासितांचे लोंढे मॅसिडोनियात शिरत होते. २००२ मध्ये आपल्या सैनिकांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापासून अभय मिळावं म्हणून अमेरिकेने बोस्नियातल्या मोहिमेची मुदतवाढ अडवली. २००९ मध्ये रशियाने जॉर्जियातले निरीक्षक घरी पाठवले. फ्रान्स आणि ब्रिटनने मात्र १९८९ नंतर हा अधिकार वापरलेला नाही. तो सोडलेलाही नाही. तिजोरीतला दागिना रोज घालायचा नसतो, हे खानदानी लोकांनाच कळतं.

कौतुकाचा कळस यापुढे आहे. २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने शांतिसेनेचे पैसे पूर्ण बंद करावेत असं सुचवलं. कारण काय, तर माली, लेबनॉन आणि काँगोतल्या मोहिमा अपयशी ठरल्या. या मोहिमा सुरू कुणी केल्या? परिषदेने. त्यांना काय करता येईल आणि काय नाही, हे कुणी लिहिलं? परिषदेने. मागितल्यापेक्षा कमी माणसं, ठरल्यापेक्षा उशिरा पैसे आणि वर मोहीम अपयशी ठरल्याचं प्रमाणपत्र, हे सगळं एकाच खिडकीवर मिळण्याची सोय आपण केलीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पैशांअभावी नऊ मोहिमांतले जवळपास एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस परत पाठवण्याचं ठरलं. आता उरलेल्यांनी आणखी मोठं अपयश मिळवायला हरकत नाही.

शांतिसेना धुतल्या तांदळासारखी आहे, असं आमचं म्हणणं नाही. २०१० मध्ये नेपाळी तुकडीच्या छावणीतून हैतीत कॉलरा पसरला, हजारो लोक गेले, संघटनेने आपला वाटा कबूल करायला २०१६ उजाडू दिलं. ज्यांच्या रक्षणाला गेले त्यांच्यावरच सैनिकांनी अत्याचार केल्याची प्रकरणंही आहेत, आणि शिक्षा देण्याचं काम ज्या त्या देशावर सोडलं की काय होतं ते आपल्या देशांतही दिसलं आहे. चौकशी हवी, शिस्त हवी. त्यासाठी तपास अधिकारी हवेत. त्यांचे पगार कुठून द्यायचे, ते वरच्या परिच्छेदात आलंच आहे.

हिशेबाची एक खुबी वाचकांच्या नजरेत यावी म्हणून मुद्दाम सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पात वर्षाअखेर जी रक्कम खर्च झाली नाही ती सदस्यांच्या खात्यावर जमा करायची असते. आता वर्गणी आली नाही की नेमणुका थांबतात, खर्च होत नाही. खर्च झाला नाही म्हणजे कागदावर बचत झाली. बचत झाली म्हणजे ती परत करा. जे पैसे आलेच नाहीत ते परत करण्याचा हा मार्ग एखाद्या पतसंस्थेला सुचला असता तर तिचे संचालक आज तुरुंगात असते.

सुधारणा? त्याबाबतीत आपली तळमळ वादातीत आहे. २००० साली लखदर ब्राहिमींच्या समितीने सांगितलं की सैनिक नक्की मिळेपर्यंत ठराव मसुद्यातच ठेवा. २००४ मध्ये एका उच्चस्तरीय मंडळाने परिषदेत नव्या देशांना जागा देण्याचे दोन आराखडे दिले. त्या मंडळावर आमचे नंबियारही होते. २०१५ मध्ये शांतिमोहिमांवर होजे रामोस-होर्ता यांचा अहवाल आला. परिषदेच्या विस्तारावर चर्चा करणारा कार्यगट आमसभेने १९९३ मध्ये नेमला, औपचारिक वाटाघाटी २००९ मध्ये सुरू झाल्या आणि सगळ्यांनी ज्यावर बोलायचं तो एकच मसुदा अजून टेबलावर यायचा आहे. परिषद एकदाच वाढली, १९६५ मध्ये, अकरावरून पंधरावर, आणि वाढलेल्या चारही जागा तात्पुरत्या होत्या. सनद बदलायची तर आपल्या पाचही जणांची मान्यता लागते, असं सनदच म्हणते. आपला विशेषाधिकार काढायला आपलीच सही लागणार. आम्ही पेन पाठवून देऊ का?

अधिक काय लिहावे? आपण सुज्ञ आहात. लोभ आहेच, वर्गणी यावी ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
१९३ देशांपैकी एका देशातला करदाता

ता. क. : हे पत्र पाठवताना पत्ते अचूक असावेत म्हणून सनदेचं कलम २३ उघडलं. तिथे कायम सदस्यांत अजूनही ‘सोव्हिएत समाजवादी गणराज्य संघ’ आणि ‘चीनचे प्रजासत्ताक’ अशी नावं छापलेली आहेत. पहिला देश १९९१ पासून नकाशावर नाही आणि दुसरं नाव आज तैपेईच्या सरकारी कागदांवर असतं. तेव्हा दोन प्रती मॉस्को आणि बीजिंगला टाकू, की सनदेबरहुकूम पाठवू, तेवढं उलटटपाली कळवावं.