राणीसाहेबांचं जमलं ते हॉटेलात!

ऐकलंत का? तुमच्या जाऊबाईंच्या टूरमध्ये म्हणे दार्जिलिंगचं विंडामियर हॉटेल आहे! राहायला नाही हो, नुसतं दुपारच्या चहाला. राहायला कुणाला परवडतंय! पण अहो, त्या लाउंजमध्ये काय घडलं होतं, हे त्या टूरवाल्याला तरी ठाऊक असेल का?

आता ते मूळचं एडा व्हिला, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं बोर्डिंग हाऊस. चहाच्या मळ्यांवरचे सडेफटिंग साहेब, इंग्रज नि स्कॉटिश, ऑब्झर्व्हेटरी हिलच्या त्या उतारावर येऊन राहायचे. मग 1939 साली तेंदुफ-ला मंडळींनी त्याचं हॉटेल केलं. पुढे साहेब गेले, पण थाट तोच. खोलीत शेकोटी पेटवून द्यायची, रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी सरकवून ठेवायची, दुपारी चहाबरोबर स्कोन. घरचीच माणसं बघतात ना, म्हणून टिकलं. पगारी मॅनेजर असता तर त्यानं पहिली ती पिशवीच बंद केली असती, लिहून ठेवा.

तर काय सांगत होते... हां, होप कुक! 1959 चा उन्हाळा. न्यूयॉर्कची पोरगी, एकोणीस वर्षांची, अजून कॉलेजात. आईविना वाढलेली हो. आई बिचारी स्वतः विमान चालवायची, त्यातच अपघातात गेली, तेव्हा ही जेमतेम दोन वर्षांची. मग आजी-आजोबांकडे राहिली, म्हणजे खरं तर दायांकडेच. तर ही दार्जिलिंगला आली आणि विंडामियरमध्ये उतरली. आणि तिथल्या लाउंजमध्ये भेटलं कोण? सिक्कीमचे युवराज! पाल्देन थोंडुप नामग्याल. छत्तीस वर्षांचे, विधुर, पदरात तीन मुलं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असलं स्थळ आलं असतं तर मुलीच्या आजीनं... जाऊ दे. तिला आवडले ना, झालं तर.

पण लगेच कुठलं लग्न! ज्योतिषी आडवे आले. म्हणे 1962 साल अशुभ. मग काय, थांबले बापडे वर्षभर. मला तर हे ऐकून इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, राजघराण्यातसुद्धा मुहूर्तावाचून अडतंच की. शेवटी 20 मार्च 1963 ला गंगटोकला बार उडाला. अमेरिकेचे राजदूत, ते गॅलब्रेथ, तेही हजर. दोन वर्षांनी राज्याभिषेक, आणि आमची होप झाली ग्याल्मो. म्हणजे महाराणी हो!

इथवर सगळं गोडच. पण पुढे ऐका, इकडे सरका जरा...

1966 मध्ये हिनं एक लेख लिहिला. कुठल्या फॅशनच्या मासिकात नाही हं, गंगटोकच्या तिबेटविद्या संस्थेच्या बुलेटिनमध्ये! आणि त्यात म्हणते काय, तर दार्जिलिंग मुळात सिक्कीमचं. 1835 साली तिथल्या राजानं ते कंपनी सरकारला दिलं ते मैत्रीखातर, आजारी साहेबांना थंड हवेत बरं वाटावं म्हणून. तसं कागदातच आहे. हिचं म्हणणं, दिलं ते वापरायला, मालकी नाही दिली. इंग्रजांनी नंतर वर्षाला 3000 रुपये लावून दिले, त्याचे 6000 केले. पुढे सिक्कीमवाल्यांनी कॅम्पबेल आणि हूकर या दोन साहेबांना धरून कोंडलं, त्याचा राग धरून 1850 मध्ये पैसेही बंद! म्हणजे बघा, जिथे हिचं जमलं ते गावच ही सासरचं म्हणून सांगायला लागली. तेंदुफ-लांचं हॉटेलसुद्धा आलंच की त्यात!

दिल्लीत एकेकाची तोंडं अशी उतरली म्हणता! चीनची लढाई होऊन चारच वर्षं झालेली, त्यात सिक्कीम त्याच सीमेवर, आणि ही अमेरिकन सून जमिनीचे जुने कागद बाहेर काढतेय. लगेच कुजबूज, सीआयएची असणार. मला नाही हो तसं वाटत. पण माझं आपलं एवढंच म्हणणं, नव्या सुनेनं सासरच्या सातबाऱ्याला हात घालू नये. खोटं असेल तर नाहीच, आणि खरं असेल तर मुळीच नाही!

पुढचं काय, तुम्हाला माहीतच आहे. 1973 ला मुलांना घेऊन परत न्यूयॉर्क, 1975 ला सिक्कीम आपलं बाविसावं राज्य झालं, 1980 ला घटस्फोट. आणि नंतर राणीसाहेब काय करायच्या, ठाऊक आहे? न्यूयॉर्कमध्ये लोकांना पायी फिरवून तिथल्या जुन्या वस्त्या दाखवायच्या. गाइड हो! अगदी मन लावून. त्यावर पुस्तकसुद्धा लिहिलं. मला विचाराल तर, तेच तिचं खरं काम होतं.

तर जाऊबाईंना सांगा, चहा पिताना होप कुक कुठे बसायची ते खुशाल विचारा म्हणावं. फक्त दार्जिलिंग कुणाचं, एवढं तेवढं विचारू नका. हल्ली तिथे बंगालवाले एक म्हणतात, गोरखालँडवाले दुसरंच. टूरची बस निघून जाईल, उत्तर काही मिळायचं नाही.