आधी मैला, मग मैल

नामिबियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ल्युडेरित्झ नावाचं छोटं बंदर आहे. पाठीशी नामिब वाळवंट, समोर अटलांटिक. दोघांच्या भांडणात सापडलेल्या लहान पोरासारखं गाव मधल्या काळ्या खडकांना चिकटून बसलंय. वर्षभराचा पाऊस जेमतेम २० मिलिमीटर. समुद्रातून बेंगेला नावाचा थंडगार प्रवाह वाहतो, त्यामुळे 'बीचवर जाऊ' म्हणणारा माणूस पाय बुडवून लगेच काढता पाय घेतो. वारा इतका की टोपी घालायची तर हनुवटीखाली बांधून. अशा ठिकाणी कोणी गाव वसवेल का? मार्गदर्शक पुस्तिका एका शब्दात उत्तर देतात: हिरे. हे उत्तर चकचकीत आहे, पण अर्धवट. हिरे सापडले १९०८ मध्ये, आणि तोवर किनारा विकून, मोजून, हडपून झाला होता. गावाचं भाग्य ठरलं ते मोजमापाने, आणि मापाची काठी प्रत्येक वेळी घेणाऱ्याच्याच हातात होती. इंग्रजांना किंवा जर्मनांना हे समजवायला पुस्तक लिहावं लागेल. मराठीत दोन शब्द पुरतात: आधी मैला, मग मैल.

मैल्यापासून सुरुवात करू. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश हा पोर्तुगीज दर्यावर्दी इथे दगडी क्रूस रोवून निघून गेला. पोर्तुगीजांनी जागेला नाव दिलं 'छोटी खाडी', आणि पुढची साडेतीनशे वर्षं युरोपला तिथे थांबण्यासारखं फारसं काही दिसलं नाही. मग १८४३ मध्ये उत्तरेकडच्या इचाबो बेटावर जहाजांची रांग लागली. बेट सात हेक्टरांचंही नाही, पण पाऊस नसल्यामुळे समुद्रपक्ष्यांची शतकानुशतकांची विष्ठा धुपून न जाता साचत गेली होती. थर सुमारे सात मीटर, म्हणजे दुमजली घराएवढा. इंग्लंडच्या शेतांना हे खत सोन्यासारखं लागत होतं. पुढच्या दोनेक वर्षांत शेकडो जहाजांनी लाखो टन माल उपसून बेट खडकापर्यंत खरवडलं. पैसा म्हणजे हाताचा मळ, हे इतक्या शब्दशः क्वचितच कुठे खरं झालं असेल. पक्ष्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही.

पुढच्या व्यवहारात विचारायला माणूस होता: बेथानीच्या नामा लोकांचा प्रमुख जोसेफ फ्रेडरिक्स. १८८३ मध्ये ब्रेमेनच्या अॅडॉल्फ ल्युडेरित्झ नावाच्या तंबाखू व्यापाऱ्याने एजंटामार्फत त्याच्याकडून आधी खाडी आणि भोवतालची जमीन १०० पौंड आणि २०० बंदुकींना घेतली. मग ऑगस्टमध्ये ऑरेंज नदीपासून उत्तरेला २६ अक्षांशापर्यंतचा किनारा ५०० पौंड आणि ६० बंदुकींना घेतला, तोही आत २० मैलांपर्यंत. इथेच गंमत आहे, आणि ती गंमत करणाऱ्यापुरतीच. फ्रेडरिक्सच्या ओळखीचा मैल इंग्रजी, दीड किलोमीटरहून थोडा जास्त. त्या हिशेबाने तो ३२ किलोमीटरची वाळू देत होता. करारात मात्र 'भौगोलिक मैल' लिहिला होता, सुमारे साडेसात किलोमीटरचा. ३२ चे १४८ झाले आणि वाळूबरोबर कुरणंही गेली.

कोणी म्हणेल, सही करण्याआधी वाचायला नको? करारात काय लिहिलंय ते न बघणाऱ्याची कीव किती करायची? रास्त आक्षेप आहे. पण ल्युडेरित्झने मार्च १८८४ मध्ये एजंटाला लिहिलेल्या पत्रापुढे तो टिकत नाही. आपण भौगोलिक मैलच धरायचे, पण फ्रेडरिक्सला तूर्त इंग्रजी मैलांच्याच समजुतीत राहू द्यावं, असं त्याने स्पष्ट कळवलं होतं. तेव्हा हा खरेदीदाराच्या सावधपणाचा नमुना नव्हे. वजनकाट्याखाली लोहचुंबक लावणाऱ्या दुकानदाराचा आहे. पुढच्याच महिन्यात बिस्मार्कने त्या काट्यावर जर्मन साम्राज्याचा शिक्का मारला. ल्युडेरित्झ स्वतः १८८६ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाकडून छोट्या होडीने आपल्या खाडीकडे परत निघाला आणि समुद्रात नाहीसा झाला. किनारा त्याचा, मैल त्याचे, पण ते अंतर त्याला काही कापता आलं नाही.

इथे थोडं हसू बाजूला ठेवावं लागतं. गावाला लागूनच शार्क आयलंड आहे. १९०५ ते १९०७ या काळात जर्मन लष्कराने तिथे नामा आणि हेरेरो कैद्यांची छावणी चालवली. थंडी, भूक आणि रोगराईने माणसं मेली. किती, याचे अंदाज एक हजारापासून तीन हजारांपर्यंत जातात. विष्ठेचे टन आणि जमिनीचे मैल ज्यांनी काटेकोर मोजले, त्यांच्या वहीत इथे अशी ढिलाई. आता त्या जागेवर पर्यटकांचे तंबू लागतात.

यानंतर हिरे. रेल्वेच्या रुळांवरची वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला या कामगाराला एक खडा सापडला. त्याने किंबर्लीच्या खाणीत काम केलेलं, त्यामुळे डोळा तयार होता. खडा त्याने वरिष्ठ आउगुस्ट श्टाउखला दिला. लेवाला कामगारच राहिला, श्टाउख कोट्यधीश झाला आणि पुढे कफल्लक होऊन मेला. सरकारने किनाऱ्याचा प्रचंड पट्टा 'प्रवेश निषिद्ध' जाहीर केला. हिऱ्यांचं माप कॅरेट, तेव्हा चूक व्हायला जागा कमी, असं वाटेल. पण शेजारच्या कोल्मान्सकोपच्या इस्पितळातलं क्ष-किरण यंत्र हाडांइतकंच कामगारांनी गिळलेल्या खड्यांच्या शोधात असे, असं सांगतात. मापाची काठी आता पोटापर्यंत पोहोचली होती.

त्याच कोल्मान्सकोपात बर्फाचा कारखाना होता, नाचगाण्याचा दिवाणखाना होता, लाकडी बॉलिंगची गल्ली होती, आणि पिण्याचं पाणी केपटाउनहून जहाजाने येई. म्हणजे वैभव होतंच की, असा दुसरा आक्षेप. होतं. पण दक्षिणेत, ऑरेंज नदीजवळ, आणखी मोठे हिरे १९२८ मध्ये मिळताच ते वैभव गाठोडं बांधून चालतं झालं. १९५६ पर्यंत गाव रिकामं. आता वाळू खोल्यांत दाराच्या कडीपर्यंत चढली आहे, भिंतीवरचा निळा-हिरवा रंग वर तसाच, आणि फोटोवाले तिकीट काढून त्या वाळूत गुडघ्यापर्यंत रुततात. गावाला नाव कोणाचं, तर वादळात ज्याची बैलगाडी अडकली त्या कोलमन नावाच्या गाडीवानाचं. इथल्या सगळ्यांत हा एकटाच असा, ज्याने काही मोजलं नाही आणि काही नेलंही नाही.

२०१३ मध्ये ल्युडेरित्झचं नाव बदलायचं ठरलं. नवं नाव नामीनूस, तेही जिभेच्या दोन टाळ्यांसकट. त्या टाळ्या लिहायची सोय देवनागरीत नाही. रहिवाशांनी बराच विरोध केला. तेव्हा मतदारसंघ नामीनूस झाला आणि गाव ल्युडेरित्झच राहिलं. आता तिथल्या माणसाचं मत नामीनूसमध्ये पडतं आणि विजेचं बिल ल्युडेरित्झला येतं.