रा. रा. नवीन बॉयलर यांस

श्री. रा. रा. कंडेन्सिंग बॉयलर महोदय,
मुक्काम स्वयंपाकघरातलं कोपऱ्याचं कपाट, हॅरो, लंडन,
यांस कृतानेक नमस्कार. विनंती विशेष.

आपण आमच्या गरीबखान्यात पायधूळ झाडलीत, आपला पहिला हिवाळाही इथेच पार पडला. आपल्या सरबराईत आम्ही काही कसूर ठेवली असं वाटत नाही. दोन-तीन हजार पौंड मोजले. आपण येणार म्हणून घरातल्या झाडून सगळ्या रेडिएटरांचं पोट साफ करून घेतलं. त्यातून निघालेलं पाणी इंजिनिअरने बरणीत धरून दाखवलं: दौतीतल्या शाईइतकं काळं, तळाशी चमकणारा गाळ. लोखंडाची झीज म्हणे. आपल्याआधीच्या बिडाच्या बॉयलरने हा गाळ वर्षानुवर्षं मुकाट्याने पचवला. आपल्या पोटात मात्र त्यातला कणही जाता कामा नये, म्हणून दारातच एक चुंबकाची गाळणी बसवली. दर वर्षी आपली प्रकृती तपासून वहीत नोंद केली नाही, तर वॉरंटी रुसते. तेही कबूल केलं.

आणि का करू नये? आपण राजमान्य आहात. इंग्लंडात १ एप्रिल २००५ पासून घरात नवा गॅस बॉयलर घ्यायचा तर, मोजके अपवाद सोडता, तो आपल्याच जातीचा घ्यावा लागतो. २०१० च्या जानेवारीत सरकारने कार्यक्षमतेत ‘जी’ दर्जाचे म्हातारे बॉयलर मोडीत काढणाऱ्यांना ४०० पौंडांची व्हाउचरं वाटली. २०१८ पासून किमान ९२ टक्के कार्यक्षमतेचा दंडक आला. हॉलंड-जर्मनीतले आपले भाऊबंद तर १०७ टक्के म्हणवून घेतात. दहावीच्या निकालात कला-क्रीडेचे गुण धरून पोरं शंभराला टेकतात, तसाच हा प्रकार: वाफेतली उष्णता एकूण गुणांत धरायची नाही, पण मिळालेल्या गुणांत मोजायची.

आपली सारी कीर्ती या वाफेवरच तर उभी आहे. गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमधून ती दीडदोनशे अंशांच्या धुराबरोबर सरळ बाहेर पडायची आणि जाताना पोटातली उष्णता, शाळेच्या पुस्तकातली ‘अप्रकट उष्मा’, परसातल्या गुलाबांवर उधळून द्यायची. आपण त्या वाफेला वाटेत गाठता, निववता, तिचं पाणी करता आणि तिच्याजवळची उष्णता काढून घेऊन रेडिएटरांकडे धाडता. उरलेला धूर इतका कोमट असतो की आपलं धुरांडं प्लास्टिकचं असलं तरी चालतं. हे खरोखर कौतुकास्पद आहे. इथे मी उपरोध करत नाही.

उपरोध पुढे सुरू होतो. वाफ निववायची तर समोर तिच्याहून थंड काहीतरी हवं. आपल्याकडे ते काम रेडिएटरांतून फिरून परत येणाऱ्या पाण्याचं. ते साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी होणार, आणि जितकं खाली तितकं जास्त होणार. त्याहून गरम आलं, तर वाफ वाफच राहते आणि आपण निव्वळ नावाचे कंडेन्सिंग. आता आपल्या पोटावरची दोन बटणं पाहावीत. एकावर नळाचं चित्र, दुसऱ्यावर रेडिएटरचं. आपल्याला भिंतीवर टांगणाऱ्या गृहस्थांनी जाता जाता रेडिएटरचं बटण उजवीकडे, थेट शेवटापर्यंत नेऊन ठेवलं. आपण ८० अंशांचं पाणी पाठवता, ते साठाच्या वर असतानाच परत येतं आणि वाफ सहीसलामत गुलाबांकडे जाते.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांचा हिशेब पक्का आहे. घर गार राहिलं तर गिऱ्हाईक त्यांना फोन करणार. बिल फुगलं तर गिऱ्हाईक सरकारला नाहीतर पुतीनना शिव्या घालणार. कोणता फोन टाळायचा हे त्यांना बरोबर कळतं. आपण मात्र गप्प राहिलात, याचं वाईट वाटलं. दाब जरा कमी झाला की एरर कोड झळकवता. पंख्याला काही झालं, झळकवता. पण ज्या गुणावर आपली वर्णी लागली तो गुण सबंध हिवाळा वापरातच आला नाही, यासाठी आपल्याकडे एकही कोड नसावा?

आकड्यांत सांगतो. ६५ टक्क्यांचा जुना बॉयलर शंभराचा गॅस जाळून जेवढी ऊब द्यायचा, तेवढी ९० टक्क्यांवर बहात्तरात मिळते. वाफ सोडून दिली आणि गाडी ८५ च्या आसपास रेंगाळली, की पंचाहत्तरच्या पुढे जावं लागतं. म्हणजे जुन्यापेक्षा आपण केव्हाही बरे, यात वाद नाही. शिवाय जुन्याच्या पोटात जुलै-ऑगस्टातही एक निळी पायलट ज्योत विनाकारण तेवत असायची. पण बहात्तराच्या वरचे ते चारेक आम्ही मोजलेल्या पैशांतले आहेत आणि ते वसूल करायला एक छदामही लागत नाही. दोन बोटं आणि एक बटण लागतं.

एक तक्रार मात्र कोणत्याही बटणाने मिटणारी नाही. आपण आलात, नळाचं पाणी लागेल तेव्हाच तापवू लागलात आणि जिन्यावरच्या कपाटातली गरम पाण्याची तांब्याची टाकी गेली. आपल्या शास्त्रात ती टाकी म्हणजे चोवीस तास उष्णता गळणारं निव्वळ नुकसान. बरोबर. पण ते नुकसान आमच्याकडे वरच्या फळीवर टॉवेल सुकवायचं आणि खालच्या फळीवर इडलीचं पीठ फुगवायचं. पातेलं, वर ताट, त्यावर जुनी शाल. बाहेर बर्फ असला तरी सकाळी पिठाने ताट उचलून धरलेलं असायचं. दह्याचं विरजणही तिथेच, टाकीला टेकून. आता त्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर राहतो. हिने एकदा पीठ आपल्या डोक्यावर ठेवून पाहिलं, पण आपलं इन्सुलेशन एवढं उत्तम की डोकं थंडगार. हल्ली ओव्हनचा दिवा लावून पातेलं आत ठेवतो. तो दिवा रात्रभर जळतो. ती वीज कुणाच्या खाती टाकायची, एवढं कळवावं.

आपली ताकद तीस किलोवॅट असल्याचं विकताना छाती फुगवून सांगितलं होतं. बाहेर शून्य अंश असताना आमच्या घराला सहा-आठ पुरतात. बाकीची ऐट शॉवरसाठी. बाहेर थोडी थंडी असली की आपण पेटता, विझता, पुन्हा पेटता. आपल्या धुरांड्यातून शेजारीणबाईंच्या खिडकीवर जाणाऱ्या पांढऱ्या लोटाबद्दल त्या आपल्याशी स्वतंत्र पत्रव्यवहार करणार आहेत, त्यात मी पडत नाही.

तरी या पत्राने आपणांस कळवण्यात येतं की, येत्या ऑक्टोबरपासून आपलं रेडिएटरचं बटण ५५ वर आणलं जाईल. नळाच्या बटणाला हात लावला जाणार नाही. घर गरम व्हायला वेळ लागेल, तेव्हा आपण सकाळी तासभर आधी उठावं आणि सावकाश, न विझता, चालू राहावं. रेडिएटर हाताला चटका देणार नाहीत. खोली उबदार राहिली म्हणजे झालं. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करणारा सेन्सर आपल्याला जोडता येतो असं पुस्तिकेत लिहिलं आहे. तो तेव्हा का जोडला नाही, हे विचारणं आता व्यर्थ आहे, यंदा जोडू.

यात आमचा एक सुप्त हेतूही आहे, तो लपवत नाही. कडाक्याच्या थंडीत ५५ अंशांच्या पाण्यावर आमचं घर उबदार राहिलं, तर ते अशाच कमी गरम पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपावरही राहू शकेल. हीट पंप बसवणाऱ्याला इथलं सरकार ऑक्टोबर २०२३ पासून साडेसात हजार पौंड देऊ करतं, आणि कार्यक्षमतेच्या ज्या पट्टीवर आपल्याला ‘ए’ मिळाला त्याच पट्टीवर त्याला ‘ए’पुढे दोन अधिक चिन्हं मिळतात. आपल्याला धाक घालण्याचा विचार नाही. फक्त माहिती असावी.

कळावे. लोभ असावा ही विनंती.

आपला,
दरमहा बिल भरणारा

ता. क. आपल्या पोटातून ठिबकणारं आंबूस पाणी नेणारी प्लास्टिकची नळी घराबाहेरून गेली आहे, तीही बारीक. २०१० च्या डिसेंबरात अशाच नळ्या गोठून देशभर बॉयलर बंद पडले होते आणि माणसं ड्रेसिंग गाऊन घालून अंगणात नळीवर कोमट पाणी ओतत उभी होती. ती नळी ३२ मिलिमीटरची करून वर लपेटण घालायला प्लंबर शनिवारी येतोय. त्या दिवशी दुपारपर्यंत आपल्याला सुट्टी.