गरोदर टिकली

पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडलं की जी टिकली खाली पडते, तिला अमेरिकेत ‘चॅड’ म्हणतात. २००० च्या नोव्हेंबरात या टिकलीने महासत्तेला महिनाभर ओलीस धरलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतदान, आणि बुश-गोर यांच्यात फरक शेवटी ५३७ मतांचा. मत म्हणजे मतपत्रिकेला पाडलेलं भोक, तेव्हा फेरमोजणीत टिकल्यांची वर्गवारी सुरू झाली. एका कोपऱ्याला लोंबणारी वेगळी, नुसती खळी पडलेली वेगळी, आणि पोट पुढे आलेली ती चक्क ‘गरोदर’! ब्रोवर्ड काउंटीत एक न्यायाधीश चष्मा कपाळावर चढवून, डोळे तिरळे करकरून मतपत्रिका न्याहाळताहेत, हा फोटो जगभर गाजला. आपल्याकडे सोनारही इतका निरखून बघत नाही.

फ्लोरिडातल्याच पाम बीचची तऱ्हा न्यारी. म्हाताऱ्या मतदारांना नीट वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, त्यामुळे नावं दोन पानांवर गेली आणि भोकं मधोमध आली. परिणामी कडवे उजवे उमेदवार ब्युकॅनन यांच्या पदरात तिथे ३,४०७ मतं पडली. यातली बहुतेक आपली नसावीत, असं खुद्द तेच म्हणाले. बिचारे!

शनिवारी, ९ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. मंगळवारी रात्री निकाल दिला: मोजायला वेळच उरला नाही. पाच विरुद्ध चार. वर शेपूट जोडलं की हे विवेचन या प्रकरणापुरतंच. म्हणजे सासूबाईंनी ‘आजच्या दिवस चालेल, पायंडा पाडू नका’ म्हणावं तसं. तेव्हा बुश यांच्या बाजूने राबलेल्या वकिलांपैकी रॉबर्ट्स, कॅव्हेनॉ आणि बॅरेट आज त्याच न्यायालयात न्यायमूर्ती आहेत. योगायोग म्हणायचं आणि पुढे जायचं.

देशभरात बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मतं मिळवूनही, फ्लोरिडा गेल्यामुळे गोर हरले. त्यात उपाध्यक्ष या नात्याने ६ जानेवारी २००१ ला संसदेत स्वतःच्या पराभवावर शिक्का मारायचं कामही त्यांच्याच गळ्यात. त्यांच्याच पक्षाचे खासदार एकामागून एक हरकत घ्यायला उठत होते. तेव्हा नियम असा होता, की हरकतीवर एका तरी सिनेटरची सही हवी. ती एकाकडेही नव्हती. खासदार मॅक्सिन वॉटर्स तडकून म्हणाल्या, सही नसली तरी मला फिकीर नाही.

गोर म्हणाले, नियमांना आहे.