पासवर्डसाठी महापौर तुरुंगात

२००८ साली सॅन फ्रान्सिस्को शहराच्या फायबर नेटवर्कचे मुख्य पासवर्ड टेरी चाइल्ड्स या एकाच अभियंत्याकडे होते. आपले वरिष्ठ त्या पासवर्डच्या लायकीचे नाहीत, असं त्याचं ठाम मत. (हे मत खासगीत नसलेला कर्मचारी मला अजून भेटायचाय.) पासवर्ड देईना म्हणून अटक झाली, तरी तोंड उघडेना. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा कुठे स्वारी बोलली. २०१० मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे महापौरांना अशी तसदी पडत नाही. ॲडमिनचा पासवर्ड मॉनिटरवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर असतो. त्यात कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सोडून गेलेल्या जोशीसाहेबांचं खातंही चालू असतं. चिठ्ठी गळून पडलीच, तर चहावाल्या पोऱ्याला विचारावं.