चेंगटाचं कूळ

आमच्या घरात मला चेंगट म्हणतात. हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याचं नाक आपोआप मुरडतं, त्यामुळे त्यात कौतुक आहे असं मानून घ्यायलाही जागा उरत नाही. म्हणून मी थेट रोमनांच्या आश्रयाला गेलो. (अर्थात शब्दकोशातून. प्रत्यक्ष जायचं तर विमानतळावर वेळेत पोचावं लागतं.)

लॅटिनमध्ये संथ माणसासाठी दोन विशेषणं हाताशी आहेत. पहिलं 'टार्डुस'. शाळेत उशिरा येणाऱ्या पोराला इंग्रजीत 'टार्डी' म्हणतात, ते ह्याच घराण्यातलं. एक पाती पोर्तुगालला गेली आणि 'तार्द' म्हणजे दुपार होऊन बसली. गोव्यातले जुने लोक 'बोआ तार्द' म्हणायचे ते हेच. एरवी टार्डुसशी आपलं जमणं कठीण. शिस्तवाल्यांचा शब्द.

दुसरं 'लेंटुस'. हे मात्र आपलं माणूस! ह्याचा संथपणाशी मुळात संबंधच नव्हता. वाकेल पण तुटणार नाही ते लेंटुस: वाळुंजाची फांदी, वेलीचा तणावा. मग चिकटतं तेही लेंटुस. आणि चिकटलेलं लवकर हलत नाही, म्हणून शेवटी संथ. काकवीची बरणी वाटीवर कलती करून बघा. काकवी आधी काठाशी येऊन फुगते, थोडा विचार करते, मग एकच जाड धार सोडते. बरणी सरळ केली तरी धार तुटत नाही, नुसती बारीक बारीक होत जाते. लवचिक, चिकट, चिवट, चेंगट हे चारही गुण रोमन माणसाने एका विशेषणात उरकले. त्यालाही कुठे जायची घाई होती कोण जाणे.

रोमन कवी व्हर्जिलला हा शब्द फार प्रिय असावा. त्याच्या तिन्ही मोठ्या काव्यांत तो आहे. मधमाश्यांचा डिंक लेंटुस, पाताळात प्रवेश मिळवून देणाऱ्या सोनेरी फांदीचा दांडा लेंटुस, आणि झाडाच्या सावलीत पावा वाजवत पडलेला गुराखी टिटिरसही लेंटुस. टिटिरसला तसं म्हणणारा मेलिबियस बिचारा जमीन गमावून, शेळ्या हाकत परमुलखात निघालेला असतो. पडून राहिलेला माणूस नेहमी चालणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो.

कवी स्वतःही त्याच वाणाचा. शेतीवरचं त्याचं काव्य जेमतेम 2,200 ओळींचं आणि जुने चरित्रकार सांगतात की त्याला 7 वर्षं लागली. दिवसाला धड एक ओळसुद्धा पडत नाही! 'ईनिड' ह्या महाकाव्यावर तर 11 वर्षं घालवून, इसवी सनापूर्वी 19 मध्ये, ते अपुरंच ठेवून तो वारला. मध्यंतरी सम्राट ऑगस्टस स्पेनच्या मोहिमेवरून पत्रं धाडत होता: थोडी विनवणी, थोडी थट्टेतली धमकी, निदान पहिला खर्डा तरी पाठव. दिवाळी अंकाच्या संपादकांचा श्रावणात लागतो तोच सूर.

हे सगळं मी एका संपादकांना फोनवर ऐकवलं.

"व्हर्जिलच्या मागे सम्राट होता," ते म्हणाले. "माझ्या मागे छापखाना आहे. शुक्रवारी लेख द्या."

दिला. त्यानंतर मला रोमन वक्ता सिसेरो जवळचा वाटू लागला. ह्या गृहस्थाने 35 लाख सेस्टर्सना पॅलेटाइन टेकडीवर घर घेतलं आणि कर्जात इतका बुडाला की, कोणी कट करत असेल तर मीही सामील होईन, असं पत्रात लिहून बसला. कॅटिलाइनचा कट मोडून काढल्याची टिमकी वाजवणारा तो हाच! पुढे इसवी सनापूर्वी 61 च्या जानेवारीत तो मित्र अ‍ॅटिकसला कळवतो की, ज्या पैशांची वाट बघतोय ते प्रकरण भलतंच 'लेंटुम' आहे.

माझ्या मानधनाचं असंच. अंक निघू द्या, म्हणाले, निघाला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, संक्रांतीचे तिळगूळही मऊ पडले. परवा पुन्हा फोन केला.

"काय सांगू तुम्हाला," संपादक कळवळून म्हणाले, "आमचे चेक काढणारे गृहस्थ म्हणजे ना, अगदी..." आणि शब्द शोधत थांबले.

मी एक सुचवला.