बॅकस्लॅश पेटल्यास काय करावे : नवशिक्यांसाठी

पायरी पहिली. एडिटरची पार्श्वभूमी काळी करा. पांढरीवरही काम होतं, पण मागून जाणाऱ्याला ते काम वाटत नाही.

पायरी दुसरी. पायथनमध्ये अवतरणचिन्हांत फाइलीचा पत्ता लिहा : सी ड्राइव्ह, बॅकस्लॅश, 'न्यू' फोल्डर, बॅकस्लॅश, 'टेबल' फाइल. सगळा पत्ता एका रंगात येईल. फक्त न्यूचा 'एन' आणि टेबलचा 'टी' आपापल्या बॅकस्लॅशसकट वेगळ्या रंगात पेटतील. नवशिके इथे खूश होतात. होऊ नये. 'एन'ची आता नवी ओळ झाली आहे आणि 'टी'चा टॅब. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे वाणही लागतो.

(बॅकस्लॅश हे चिन्ह 1961 च्या सुमारास बॉब बेमर यांनी आस्कीत आणलं. सरळ आणि उलटी तिरकी रेघ जोडून ॲल्गोल भाषेची 'आणि', 'किंवा' ही चिन्हं काढायची, एवढाच साधा हेतू होता.)

पायरी तिसरी. न्यूऐवजी विंडोजचा 'यूझर्स' फोल्डर घ्या. बॅकस्लॅशनंतर मोठा 'यू' दिसला की पायथन पुढे 8 हेक्स अंक मागतो. तुमच्याकडे 'झर्स' आहे. प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

पायरी चौथी, उपाय. प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा. जोडी पेटेल, छापताना एकच उरेल. रेगेक्समध्ये एक बॅकस्लॅश शोधायचा असेल तर चार लिहा. का, ते विचारू नका. ज्यांनी विचारलं ते अजून मोजताहेत.

नाहीतर अवतरणाआधी 'आर' लावा. मग बॅकस्लॅश निमूट बॅकस्लॅश राहतो. पण व्हीएस कोडमध्ये छोटा 'आर' लावलात तर रंग जात नाहीत, कारण तो मजकूर रेगेक्स असणार असं एडिटर परस्पर ठरवतो. मोठा 'आर' लावा, शांत होतो. पायथनला दोन्ही सारखेच. म्हणजे रंगवणारा एक आणि वाचणारा दुसराच. रंगवणारा नुसत्या खुणा पाहून अंदाज बांधतो. कुंकू पाहून कुंडली सांगण्यातला प्रकार.

पायरी पाचवी, फक्त मराठी लिहिणाऱ्यांसाठी. 'दऱ्या' शोधा. समोर दिसत असूनही सापडणार नाही, असं कधीतरी होईलच. तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मागे झीरो विड्थ जॉइनर ठेवून. या जॉइनरला रुंदी नाही, रूप नाही, बऱ्याच एडिटरांत रंगही नाही. त्याला उजेडात आणायचं तर अवतरणांत बॅकस्लॅश, छोटा 'यू' आणि 200डी असं लिहा. लगेच पेटेल. शब्द मात्र आता वाचता येणार नाही.